सासूची वाटी

माझ्या हातून आयुष्यात जेवढी साखर गेली तेवढी साखर कारखान्याच्या गोदामातूनही गेली नसेल, असं माझी बायको नसीम म्हणते. अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. मी श्रीखंडवाला. आधी बरीच वर्षं लोणावळ्यातल्या एका डेअरीत कारागीर, नंतर घोरावाडी स्टेशनजवळ स्वतःचं लहानसं दुकान. आता गल्ल्यावर मुलगा बसतो. मी सकाळी दूध घ्यायला आणि दुपारी त्याच्या चुका काढायला जातो, आणि दुसरं काम मला जास्त चांगलं जमतं, असं त्याचं म्हणणं आहे.

दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काहीतरी लिहा, असा निरोप आला. वाचणाऱ्यांना वाटेल, आता हा म्हातारा श्रीखंडाची कृती सांगणार. सांगतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. दूध तापवून कोमट करायचं, विरजण लावायचं. दही लागलं की मलमलच्या फडक्यात बांधून टांगायचं. पाणी ठिबकून जातं आणि फडक्यात जो घट्ट गोळा उरतो तो चक्का. चक्क्याच्या जवळजवळ बरोबरीनं साखर घालायची, पुरणयंत्रातून काढायचं, वेलची, जायफळ, केशर घालायचं आणि रात्रभर मुरू द्यायचं. हे मुरणं म्हणजे आमच्या धंद्याचा जीव. रात्रीत साखर विरघळते, दाणा मोडतो, सकाळी झाकण काढलं की श्रीखंडाच्या तोंडावर तकाकी असते. ‘आत्ताचं ताजं द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी सांगतो, ताजं हवं असेल तर दही घेऊन जा.

लोणावळ्यात गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार असायची. तिथल्या धुक्यात आधी दहीच लागायचं नाही. आम्ही पातेली गोधड्यांत गुंडाळून ठेवायचो, आणि मालकांची मेहुणी राहायला आली की तिला पांघरूण मिळायचं नाही. अशाच एका सकाळी पांढरे बूट घालून चालायला निघालेले एक गृहस्थ दुकानात शिरले. म्हणाले, ‘श्रीखंड हवं. पण त्यात साखर नको, स्निग्धांश नको आणि आंबटपणा तर अजिबात नको.’ मी म्हटलं, ‘साहेब, मग फडकं उरतं. बांधून देऊ?’ ते हसले आणि नेहमीचं, साखरेचं श्रीखंड घेऊन गेले. ही गोष्ट मी पुढे कित्येक वर्षं सांगत होतो. बिनसाखरेचं श्रीखंड मागणारा माणूस म्हणजे मला बिननवऱ्याचं लग्न मागणारा माणूस वाटायचा.

तर आता किसनभाऊ.

किसनभाऊ परंदवडीचे. त्यांच्या शेताला लागून आज कारखान्याची भिंत उभी आहे, पण म्हशी अजून दावणीला आहेत, आणि रोज उजाडलं की त्यांची किटली माझ्या दुकानात येते. एवढ्या वर्षांत त्यांनी दुधात कधी पाणी घातलं नाही आणि बोलण्यात कधी साखर घातली नाही. स्तुती करायची म्हणजे त्यांच्याकडे एकच शब्द आहे, ‘बरंय’. त्याच्यावरचा शब्द त्यांना येत नाही.

या ‘बरंय’ची मला रमजानच्या महिन्यात फार गरज लागते. रोजा असला की चव घेता येत नाही. काही कारागीर जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकतात. मला ते जमत नाही, घोट आपोआप आत जाईल अशी भीती वाटते. म्हणून त्या महिन्यात किसनभाऊ माझी जीभ होतात. सकाळी दूध ओतून झालं की मी चमचा पुढे करायचा, त्यांनी डोळे मिटून खायचं आणि म्हणायचं, ‘बरंय.’ मग माल गल्ल्यावर जायचा. ते ‘ठीक हाय’ म्हणाले की मी पातेलं मागे घ्यायचो.

त्यांची एकुलती लेक कोमल. लहानपणी बापाच्या सायकलवर किटलीमागे बसून यायची आणि आमच्या पातेल्यातलं उलथणं चाटून पुसून लख्ख करायची. पुढे शिकली, उर्शाजवळच्या एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात लागली, आणि लग्नही उर्शातच झालं. तिच्या लग्नातलं श्रीखंड माझ्या हातचं होतं. सासू हिराबाई. ठसठशीत कुंकू, ठसठशीत आवाज, आणि बाजारात भाजी घेताना भाजीवालीच घाबरेल असा दरारा.

लग्नानंतर कोमलला दिवस गेले आणि आठव्या महिन्यात पोटातलं बाळ गेलं. कारण काय ते नीट कळलंच नाही. त्या आठवड्यात किसनभाऊ रोज आले, दूध ओतलं आणि तसेच परत गेले. मीही चहा पुढे करण्यापलीकडे काही केलं नाही.

म्हणून काही काळानं हिराबाई दुकानात येऊन म्हणाल्या, ‘सलीमभाऊ, सुनंला डोहाळं लागल्यात. आन् मागती काय, तर तुमचं श्रीखंड,’ तेव्हा मला इतका आनंद झाला की मी डबा तर भरलाच, वर एक उलथणंभर जास्त घातलं. म्हटलं, हे माझ्याकडून, पोरीला. हिराबाई बाजाराला आल्या की डबा नेत राहिल्या आणि मी वरचं उलथणं घालत राहिलो. त्या म्हणायच्या, ‘डोहाळं न्हाई पुरवलं तर लेकराची लाळ गळत ऱ्हाती. माज्या घरात तसं नगं.’ मी म्हणायचो, ‘मावशी, माझं दुकान असताना गळेलच कशी?’

एक दिवस सकाळी किसनभाऊंनी किटली खाली ठेवली, पण झाकण काढलं नाही.

‘सलीमभाऊ,’ ते म्हणाले, ‘तुमी माज्या लेकीला इख चारताय.’

मला आधी काही समजेना. हळूहळू त्यांनी सांगितलं. कोमलला गरोदरपणातली शुगर निघाली होती. डॉक्टरीणबाईंनी गोड बंद केलं होतं, जेवणाचं सगळं ठरवून दिलं होतं, आणि तरी आकडा खाली येत नव्हता. घरी बोट टोचून तपासायचं छोटं यंत्र दिलेलं. पोरगी तर काहीच खात नाही, मग आकडा चढतो कसा, म्हणून सगळे चक्रावलेले. शेवटी कोमलनंच रडत रडत बापाला सांगितलं की सासूबाई गुपचूप डबा देतात आणि मला नाही म्हणवत नाही.

‘डॉक्टरीणबाई म्हनल्या, आता आकडा खाली न्हाई आला तर दवाखान्यात ठिवाया लागंल. विंजेक्शनं चालू करावी लागत्याल. मागल्या टायमाला आठव्यातच...’

मी खाली बसलो. वरचं उलथणं. माझ्याकडून, पोरीला.

दुसऱ्या बाजाराला हिराबाई आल्या. मी मुलाला बाजूला केलं आणि म्हटलं, ‘मावशी, श्रीखंड मिळायचं नाही.’ मला वाटलं, आता त्या दुकान डोक्यावर घेणार. मीही तयारीत होतो, माझाही पारा काही कमी नाही. पण त्या पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावला.

‘मागल्या वेळंला मीच तिला काय खाऊ दिलं न्हाई,’ त्या म्हणाल्या. ‘ह्ये बाधतं, त्ये बाधतं, करत करत पोरीचं ताट रिकामं केलं. आन् लेकरू गेलं. उपाशी पाठीवलं मी त्येला, सलीमभाऊ. आता ती तोंडानं मागती. आन् मी न्हाई म्हनू?’

या बाईशी भांडायची माझी सगळी तयारी वाया गेली. बाळ कशानं गेलं हे डॉक्टरांना कळलं नव्हतं, पण हिराबाईंनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. एकीकडे डॉक्टर सांगत होत्या, गोड दिलं तर बाळाला धोका. दुसरीकडे हिचं मन सांगत होतं, नाही दिलं तर धोका. आणि मधे ती पोर, दोघींना घाबरून दोघींचं ऐकणारी.

मी म्हटलं, ‘मावशी, मी देतो तिला श्रीखंड. साखर न घालता. पण तोवर डबा बंद. शपथ घ्या.’

त्यांनी घेतली. फडकं बांधून देऊ का म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य गेलं होतं आणि ते कसं करायचं याचा मला पत्ता नव्हता.

पहिला विचार गुळाचा आला. कोमलनं फोनवरच झटकला, ‘काका, गूळ म्हणजे साखरच ना, नुसती भगवी.’ मधाचंही तेच. मग मी खजूर वाटून घातला. त्याचा एक चमचा तिनं खाल्ला, दोन तासांनी बोट टोचलं आणि कळवलं, नको. बाजारातली बिनसाखरेची पावडर घातली तर मागाहून जिभेवर औषधासारखी चव राहायची आणि डॉक्टरीणबाईंनाही ती पसंत नव्हती. साखरेवाचून माझा चक्का कुणाच्याच घशाखाली उतरेना. आयुष्यभर लोकांनी माझ्या हाताला चव आहे म्हणून सांगितलं होतं. ती हाताला नव्हती, पोत्यात होती, असं मला वाटायला लागलं. मी दुकानात सगळ्यांवर खेकसत होतो. काडेपेटीएवढ्या त्या यंत्राचा मला मनापासून राग आला होता.

एका रविवारी कोमल माहेरी आली होती तेव्हा बापाबरोबर दुकानात आली. पोट चांगलं दिसायला लागलं होतं. चक्क्याचं एक बोट चाटून तिनं तोंड वाकडं केलं.

‘काका, एवढी साखर तुम्ही घालता कशाला?’

‘आंबट मारायला.’

‘मग आंबट होऊच कशाला देता?’

हा प्रश्न आजवर मला कधी पडलाच नव्हता. साखर हाताशी असली की दही थोडं आंबलं काय नि जास्त आंबलं काय, कोण बघतो? वर साखर पडतेच. कारखान्यात माल बिघडला की ती मंडळी मागे मागे जाऊन बघतात, कुठून बिघडायला लागला. तिनं तेच केलं.

मग आम्ही दह्यापासून सुरुवात केली. अगदी गोडसर, ताजं विरजण घ्यायचं. दही लागलं, नुसतं थरथरायला लागलं की तिथेच थांबवून फ्रिजमध्ये ढकलायचं. टांगायचंही फ्रिजमध्येच, बाहेर नाही, म्हणजे पाणी गळेपर्यंत ते आंबणार नाही. गळणाऱ्या पाण्याबरोबर दुधातली थोडी साखरही जाते, हे मला कोमलनं सांगितलं. जो चक्का आला तो बघून मीच चकित झालो. सायीसारखा मऊ, आणि दुधाची जी मुळातली गोडी असते ना, लहान मुलाच्या तोंडाला येते तसली, ती त्याला होती. त्यात केशर, वेलची, जायफळ जरा हात सोडून. वास गोड आला की जीभही अर्धी फसते. थोडे भाजलेले बदाम कुटून. आणि वरून पुरंदरच्या ओल्या अंजिराचे मोजके तुकडे, तेही डॉक्टरीणबाईंना विचारून.

कोमलनं पहिली वाटी दुकानाच्या बाकड्यावर बसून खाल्ली. खाताना डोळे मिटले, अगदी बापासारखे.

‘काका, हे श्रीखंड नाही.’

‘नाहीच,’ मी म्हटलं. मनात म्हटलं, बुडालो.

‘पण मन भरलं माझं.’

दोन तास आम्ही स्टेशनवरच्या गाड्या बघत बसलो. मग तिनं बोट टोचलं. आकडा डॉक्टरीणबाईंनी आखून दिलेल्या हद्दीत होता. किसनभाऊ किटली उचलून निघून गेले; त्यांना रडू आलं की ते असेच निघून जातात.

त्या दिवसापासून जेवणानंतर एक लहान वाटी, एवढं ठरलं. बाकीचं पथ्य, फेऱ्या, तपासण्या सगळं डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे. माझ्या वाटीनं काही जादू केली असा माझा दावा नाही. वाटीनं एवढंच केलं की हिराबाईंना चोरून डबा द्यावा लागला नाही आणि कोमलला चोरून खावं लागलं नाही. दवाखान्यात ठेवायची भाषा मागे पडली.

मग सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं आणि हिराबाई पुन्हा माझ्या पायरीवर.

अडचण अशी की डोहाळजेवणात आलेली प्रत्येक सवाष्ण गर्भारशीला गोडाचा घास भरवते. नाही म्हणता येत नाही. उर्शातल्या अर्ध्या बायका येणार, प्रत्येकीचा घास, आणि प्रत्येकीला आपलाच मोठा हवा. ‘आन् सांगनार काय त्येन्ला?’ हिराबाई म्हणाल्या. ‘शुगर म्हनलं की मागलं समदं निगंल. पोरीच्या तोंडावर बोलत्याल. त्यापरीस सगळ्यांनाच त्ये तुमचं बिनसाखरंचं करा. कुनाला कळायचं न्हाई.’

विचार पक्का होता. मीही जोरात कामाला लागलो. फक्त तेव्हा रमजान चालू होता.

आदल्या दिवशी दुपारपासून चक्क्याच्या पोटल्या सोडवत होतो. मोठं पातेलं घेतलं, सगळं घातलं, अंजिराचे तुकडे हात सैल सोडून घातले, ढवळलं, झाकलं. एक पोटली पातेल्यात मावेना आणि नसीम रोजा सोडायला हाका मारायला लागली, म्हणून ती तशीच फ्रिजमध्ये राहिली. रोजा सोडल्यावर पातेल्यातलं एक बोट चाखलं. झकास होतं. मी समाधानानं झाकण लावलं आणि नेहमीच्या सवयीनं म्हटलं, आता रात्रभर मुरू दे.

सकाळी किसनभाऊ आले. त्या दिवशी त्यांच्या अंगावर इस्त्रीचा सदरा होता. मी चमचा पुढे केला. त्यांनी डोळे मिटले आणि लगेच उघडले.

‘सलीमभाऊ, कडू हाय.’

‘भाऊ, आज थट्टा नको.’

‘लेकीच्या डोहाळजेवनाला थट्टा करीन व्हय?’

ते मोरीकडे जाऊन चूळ भरून आले. मी झाकण पूर्ण काढलं. घट्ट लावलेला चक्का पातळ झाला होता, कडेनं पाणी सुटलं होतं. मला स्वतःला चाखता येत नव्हतं, आणि ते एका परीनं बरंच झालं. नवं दही लावायला वेळ नव्हता. बाया दुपारी जमणार होत्या.

नसीमनं पातेल्यात डोकावून पाहिलं आणि अंजिराचा एक तुकडा बोटात धरला. म्हणाली, ‘अहो, मटण शिजायला मी कच्ची पपई लावते ना, तसं झालंय हे. तिच्या चिकानं मटण विरघळतं. ओल्या अंजिरालाही तसाच चीक असतो, त्यानं दूध फुटून कडू होतं. रात्रभर ठेवलंत कशाला?’

कशाला? मुरायला. पण मुरवायचं ते साखर विरघळावी म्हणून, आणि इथे साखरच नव्हती! आजवर कोमल जे खात होती त्यात मी अंजीर ऐन वेळी घालत होतो, म्हणून कधी काही झालं नाही. मोठं पातेलं समोर आलं, ढवळणं हातात आलं, आणि हातांनी मला न विचारता आपलं नेहमीचं काम करून टाकलं. श्रीखंडवाला सोडून ही चूक दुसऱ्या कुणाच्या बापाला जमली नसती.

उरली होती ती न मावलेली पोटली. एका माणसाचं मन भरेल एवढीच. तिच्यात केशर-वेलची घातली, अंजिराच्या जागी डाळिंबाचे चार दाणे टाकले, आणि एका वाटीत भरलं. बाकी बायांसाठी गल्ल्यावरचं नेहमीचं साखरेचं श्रीखंड पातेलंभर घेतलं. टेम्पोत वाटी नसीमच्या मांडीवर होती. उर्शापर्यंत तिनं वाटीवरचा हात काढला नाही.

मागच्या दारी हिराबाईंना बोलावून मी सगळं सांगितलं. आत झोपाळ्याला फुलं लावलेली दिसत होती, गाण्यांचा आवाज येत होता. हिराबाईंनी एकदा मोठ्या पातेल्याकडे पाहिलं, एकदा वाटीकडे. मला वाटलं, आता ही बाई कोसळणार. त्यांनी पदर खोचला.

‘वाटी हिकडं आना,’ म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुढचं मला नसीमनं सांगितलं. ती आत होती, मी बाहेर पातेल्यापाशी. कोमल हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसली होती. ओटी झाली, आणि घास भरवायला पहिली बाई ताटातलं श्रीखंड चमच्यात घेऊन उठली तशी हिराबाई सुनेशेजारी वाटी घेऊन बसल्या.

‘थांब गं. आमच्यात घास सासूच्या वाटीतनं भरवत्यात.’

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. किसनभाऊंची बहीण, कोमलची आत्या, भीड न ठेवणारी. ती म्हणाली, ‘ही कुटली नवीन रीत?’

‘नवीन कशाला? माज्या म्हायेरची हाय,’ हिराबाई म्हणाल्या. ‘सासूच्या वाटीतनं घास दिला का लेकराला आजीचं आयुक्ष लागतं. तुला लावायचं न्हाई व्हय?’

एकेक बाई उठली आणि त्याच वाटीत चमचा बुडवायला लागली. हिराबाई वाटी धरून पहारा देत होत्या. ‘बारीक घे, बारीक. बाळाचं तोंड केवढं, तुजा चमचा केवढा!’ बायका हसत होत्या, कोमल हसता हसता डोळे पुसत होती, आणि वाटी सगळ्यांना पुरली. नसीमनंही घास भरवला. पोरीला सगळ्या गावाचा घास मिळाला आणि सगळ्या गावाचा मिळून एक वाटीभरच पोटात गेला.

बाहेर मी आणि किसनभाऊ पडवीत बसलो होतो. पंगत झाली, किसनभाऊ ताटावर बसेनात.

‘जेवा की, भाऊ.’

‘तुमी कुटं जेवलाय?’

‘माझा रोजा आहे.’

‘मग माजा बी आज हाय,’ ते म्हणाले आणि भिंतीला टेकून रस्त्याकडे बघत राहिले.

बऱ्याच वेळानं कोमल दाराशी आली. बाया पांगल्या होत्या. केसांतली फुलं सुकायला लागलेली, हातात ते यंत्र. तिच्या मागे हिराबाई होत्या, ओठ घट्ट मिटून. कोमलनं यंत्र आमच्याकडे वळवलं. आम्हा दोघांनाही चष्म्याशिवाय काही दिसेना, आणि दोघांचेही चष्मे खिशात होते तरी सुचले नाहीत.

‘आहे, बाबा,’ ती म्हणाली. ‘बरोबर आहे.’

मी अल्लाचे आभार मानले. किसनभाऊंनी कुणाचे मानले ते माहीत नाही, पण ते उठले, सरळ आत गेले आणि पंगत उठलेल्या जागी मांडी घालून मोठ्यानं म्हणाले, ‘वाढा.’

निघताना हिराबाईंनी नसीमच्या हातात ती वाटी दिली. तळाला एक चमचा राखलेला होता. ‘त्यांनी चाखलंच न्हाई,’ त्या म्हणाल्या. ‘सांजच्याला द्या.’ संध्याकाळी खजुरानं रोजा सोडला आणि पहिला घास त्या वाटीतला घेतला. गोड होतं. मला साखरेची आठवण आली नाही.

आठवा महिना आम्ही सगळ्यांनी श्वास धरून काढला. किसनभाऊ दूध ओतताना नेहमीपेक्षा हळू ओतायचे. तो महिना सरला, नववाही भरत आला. मग एका सकाळी त्यांनी दूध ओतलं, किटलीवर झाकण लावलं, जायला निघाले, दोन पावलं जाऊन मागे वळले.

‘बरंय,’ ते म्हणाले.

मी चमचा पुढे केला नव्हता. रमजानही कधीच संपला होता. मग माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी पुढे होऊन त्यांना असं कवटाळलं की किटली रस्त्यावर गडगडत गेली. मुलगी झाली होती. आई आणि बाळ दोघी सुखरूप.

त्यानंतरच्या दोन गोष्टी सांगून थांबतो. पहिली, उर्शात आता डोहाळजेवण निघालं की माणसं माझ्याकडे येतात आणि मोठ्या पातेल्याबरोबर ‘सासूची वाटी’ निराळी सांगतात. ती किती जुनी रीत आहे, यावर परवा दुकानात दोन बायकांचा वाद झाला. मी मधे पडलो नाही. वाटी मी स्वतः करतो, मुलाच्या हातात देत नाही, आणि अंजीर ऐन वेळी घालतो. ज्यांना नुसतं पथ्याचं गोड हवं असतं त्यांनाही आता ती मिळते. लोणावळ्याचे ते पांढऱ्या बुटांचे गृहस्थ कुठे असतील कोण जाणे. ते आले तर फडक्याची गोष्ट मी काढणार नाही. त्यांना बाकड्यावर बसवीन आणि एक वाटी पुढे ठेवीन.

दुसरी गोष्ट या पावसाळ्यातली. हिराबाई बाजाराला आल्या त्या नातीला कडेवर घेऊन. पोरीला दात येत होते, हनुवटीपासून झबल्यापर्यंत सगळं ओलं. हिराबाईंनी तिला गल्ल्यावरून सरळ माझ्या हातात दिलं.

‘बगा,’ म्हणाल्या, ‘बगा कशी लाळ गळती. मी सांगितलं व्हतं का न्हाई? तुमच्या गोडात काय तरी कमीच पडलं.’

एवढं बोलून त्या हसायला लागल्या. त्यांना तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. पोरीनं माझा कान धरला, खांद्यावर गाल टेकला आणि सदरा भिजवून टाकला. धंद्यात आजवर माझ्या मालाबद्दल जेवढ्या तक्रारी आल्या, त्यांतली ही एकच मी न भांडता कबूल केली.

घरी गेल्यावर नसीम म्हणाली, ‘सदरा द्या, भिजवते.’ म्हटलं, ‘राहू दे आजच्या दिवस.’